हार्ट अटॅकनंतरचा व्यायाम आणि ‘13 पैकी 10’ चा सापळा

हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, माणूस हिमायतनगरला घरी परतला, की घरातून एकच सूचना येते: “बाबा, आता शेताकडं जायचं नाही. नुसतं बसून राहायचं.” सूचना मायेची आहे, पण संशोधन उलट सांगतं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून आढावा घेणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिच्या 2021 च्या आढाव्यात 85 चाचण्या आणि 23,430 हृदयरुग्ण होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा अटॅक येणं आणि दवाखान्यात भरती होणं कमी झालेलं दिसलं. या कार्यक्रमाला कार्डियाक रिहॅब म्हणतात.

अडचण अशी, की रिहॅबला ट्रेडमिल, ईसीजी आणि प्रशिक्षित माणसं लागतात. भारतात अशी केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. मग स्वस्तात काय करता येईल?

योगा-केअर चाचणी

हाच प्रश्न घेऊन भारतातल्या 24 दवाखान्यांत ‘योगा-केअर’ ही चाचणी झाली. निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. अटॅक येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारासोबत 12 आठवड्यांत योगाचे 13 वर्ग दिले. दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि आरोग्याचा सल्ला.

मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयासाठी तातडीनं भरती, यांपैकी काहीतरी योगाच्या गटात 131 जणांना (6.7 टक्के) झालं, दुसऱ्या गटात 146 जणांना (7.4 टक्के). हझार्ड रेशो 0.90, कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.71 ते 1.15. आता बघा, या इंटरव्हलमध्ये 1 येतो. म्हणजे फायदा असू शकतो, नसूही शकतो. घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या, त्यामुळं चाचणीची पॉवर कमी पडली. म्हणून “योगाचा उपयोग नाही” हा निष्कर्षही चुकीचाच.

रुग्णांनी स्वतःच्या तब्येतीला 100 पैकी दिलेले गुण योगाच्या गटात सुमारे दीडनं जास्त होते. पी-व्हॅल्यू 0.002. पण दीड गुणाचा फरक माणसाला कितपत जाणवेल? शिवाय आपण योगा करतोय हे रुग्णाला माहीत होतं, आणि गुण देणाराही तोच.

सापळा इथं आहे

ज्यांनी 13 पैकी किमान 10 वर्ग केले, त्यांचाच हिशेब काढला तर हझार्ड रेशो 0.54 येतो. म्हणजे धोका जवळपास निम्मा! बातमीला हाच आकडा भारी वाटतो. तुम्ही मात्र आधी विचारा: दहा वर्गांना येऊ कोण शकलं?

आपल्या तालुक्यातला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. ज्याला दम लागतोय तो येणार नाही. ज्याची मजुरी बुडते, ज्याच्याकडं गाडीभाडं नाही, ज्या बाईसोबत यायला कुणी नाही, तेही गळणार. उरतात ते मुळातच जरा धडधाकट आणि गोळ्या वेळेवर घेणारे. मग फायदा योगाचा की या माणसांच्या परिस्थितीचा?

ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये अटॅक येऊन गेलेल्या काही पुरुषांना औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी दिली होती. 1980 मध्ये छापलेल्या विश्लेषणात, ती गोळी नियमित घेणाऱ्यांमध्ये पाच वर्षांत सुमारे 15 टक्के मृत्यू झाले, अनियमितांमध्ये सुमारे 28 टक्के. गोळीत औषधच नव्हतं, तरी एवढा फरक! म्हणूनच चिठ्ठीनं ज्या गटात गेला त्याच गटात रुग्ण मोजायचा, वर्गाला येवो न येवो. याला इंटेन्शन-टू-ट्रीट म्हणतात.

तुमच्या आराखड्यासाठी

पेटची किंवा मुलाखतीची तयारी करताना एवढं करा. मुख्य विश्लेषण कोणतं, हे डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवा. गैरहजेरी नुसती मोजू नका, कारण नोंदवा. गळालेल्यांचं वय, उत्पन्न, गाव आणि आजाराची तीव्रता राहिलेल्यांशी ताडून बघा. मराठवाड्यात काम करणार असाल तर सुगीच्या दिवसांत वर्ग ठेवून “रुग्ण सहकार्य करत नाहीत” असं लिहू नका.

आणि घरी कुणी हृदयरुग्ण असेल तर? डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारा: चालायला कधीपासून, किती, वजन किती उचलायचं? बहुतेकांची सुरुवात सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगानं चालण्यापासून होते. कुस्तीसारखा दम कोंडून जोर लावण्याचा प्रकार वेगळा, त्यात रक्तदाब एकदम चढतो; तो तपासणीशिवाय नको. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर लगेच थांबायचं. थांबूनही बरं वाटलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.