न्यूट्रॉन तारायुग्मांचे शांत अवस्थेतील प्रकाशीय वेध

न्यूट्रॉन तारा व सूर्याहून कमी वस्तुमानाचा सामान्य तारा यांचे युग्म अगदी निकटचे असल्यास सहचर ताऱ्यातील वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो व त्याभोवती तप्त चकती बनते. चकतीतील द्रव्य वेगाने ताऱ्यावर पडू लागले म्हणजे क्ष-किरणांचा उद्रेक होतो. हा ओघ आटला की युग्म कित्येक वर्षे शांत राहते. उद्रेकात चकतीच्या प्रखर प्रकाशापुढे सहचर लपतो आणि जेमतेम २५ किमी. व्यासाचा न्यूट्रॉन तारा दृश्य प्रकाशात एरवीही नगण्यच असतो. त्यामुळे सहचराचे वेध शांत अवस्थेतच घ्यावे लागतात. नरतुरंग समूहातील सेंटॉरस एक्स-४ या युग्माचे १९६९ व १९७९ मध्ये उद्रेक झाले. त्याच्या सहचराच्या वर्णरेषांच्या सरकण्यावरून १५.१ तासांचा कक्षीय आवर्तकाल मिळाला.

या वेधांचे खरे मोल वस्तुमान काढण्यात आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या ओढीने सहचर लांबट होतो व एका फेऱ्यात त्याची तेजस्विता दोनदा वाढते. या चढउतारावरून कक्षेचा कल कळतो. परंतु सहचराची एकच बाजू प्रारणाने तापत असेल, तर हे गणित बिघडते. अशा युग्मांबाबत प्रसिद्ध झालेली वस्तुमाने म्हणूनच सावधपणे स्वीकारावीत.

नरतुरंगातीलच एक्सएसएस जे१२२७०-४८५९ या युग्माच्या वर्णपटात पूर्वी चकतीच्या हायड्रोजन व हीलियम यांच्या उत्सर्जन रेषा दिसत. १४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर २०१२ या दरम्यान केव्हातरी ते दीड ते दोन प्रतींनी मंद झाले. नंतरच्या वर्णपटांत त्या रेषा नव्हत्या. राहिला तो जी वर्गाच्या आसपासचा, न्यूट्रॉन ताऱ्याकडील बाजू अधिक तप्त असलेला सहचर. चकती खरोखरच नाहीशी झाली असेल, तर दबलेला रेडिओ पल्सार प्रकट व्हावयास हवा होता. तो जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य व सहकाऱ्यांना २०१४ मध्ये खोडद (जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने सापडला. खोडदहून हे युग्म क्षितिजावर फार तर २२° चढते, हे लक्षात घेता ही कामगिरी लहान नव्हे. पल्सारचा आवर्तकाल १.६९ मिलिसेकंद, तर कक्षेचा ६.९ तास आहे. कक्षेच्या बऱ्याच भागात स्पंद लुप्त होतात. अर्थात सहचरातून वायू अद्याप निसटत आहे.

षडंश समूहातील जे१०२३+००३८ या युग्मात जून २०१३ मध्ये उलट घडले : रेडिओ स्पंद थांबले व चकती परतली. असे बदल पकडण्यास सतत पहारा लागतो. पवई (मुंबई उपनगर) येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहभागाने हानले (लडाख) येथे २०१८ मध्ये सुरू झालेला ७० सेंमी. व्यासाचा स्वयंचलित दूरदर्शक अशा कामास सोयीचा आहे. मात्र नरतुरंगातील वरील युग्म तेथून जेमतेम ८° वर येत असल्याने त्याचे वेध दक्षिण गोलार्धातूनच घेणे इष्ट ठरते.