उतारवयातील औषधांचा हिशेब

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला रक्तदाब, मधुमेह, संधिवात आणि निद्रानाश हे विकार एकाच वेळी असणे आता अपवादात्मक राहिलेले नाही. आणि प्रत्येक विकाराचा तज्ज्ञ आपापल्या शास्त्रास अनुसरून औषध लिहून देत असल्यामुळे अशा रुग्णाच्या नावावर आठदहा औषधे सहज जमा होतात. त्यांतील एकेक औषध स्वतंत्रपणे तपासले तर त्यावर बोट ठेवायला जागा सापडत नाही. दोष उद्भवतो तो त्यांच्या बेरजेतून, आणि या बेरजेची जबाबदारी बहुधा कोणावरच सोपविलेली नसते. नित्य पाच किंवा अधिक औषधे घेण्याच्या या अवस्थेला वैद्यकात बहुऔषधता म्हणतात. पाच औषधांच्या परस्परांशी दहा जोड्या होतात, तर दहा औषधांच्या पंचेचाळीस. प्रत्येक जोडी अपायकारक नसते हे खरे. पण अपायाच्या शक्यता औषधांच्या संख्येहून कितीतरी वेगाने वाढतात.

त्यातच वार्धक्यामुळे शरीराचा मूळ व्यवहारच पालटलेला असतो. देहातील जलांश घटून मेदाचे प्रमाण वाढते. त्यामुळे मेदात साठणाऱ्या डायझेपामसारख्या झोपेच्या औषधाचा निम्मा अंश निघून जाण्यास तरुणपणी जेथे सुमारे एक दिवस लागतो, तेथे ऐंशीच्या घरात तीनचार दिवस लागतात, आणि रोजची गोळी आदल्या गोळीच्या शिलकेवर चढत जाते. मूत्रपिंडाची गाळणशक्तीही वयाबरोबर मंदावते. परंतु क्रिएटिनीन हे द्रव्य स्नायूंतून उत्पन्न होत असल्यामुळे, कृश झालेल्या वृद्धाच्या अहवालात त्याचा आकडा निर्दोष दिसतो आणि प्रत्यक्षातील क्षीणता झाकली जाते. म्हणूनच वय व वजन हिशेबात घेऊन ही शक्ती अजमावण्याचे सूत्र कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडले.

याहून अधिक फसवी गोष्ट अशी की, औषधाचा दुष्परिणाम पुष्कळदा नव्या रोगाचे रूप घेऊन समोर येतो आणि त्यावर पुन्हा नवे औषध दिले जाते. पॉला रोशॉन व जेरी गुर्विट्झ यांनी १९९० च्या दशकात ज्या औषधशृंखलेकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले, ती हीच. समजा, रक्तदाबासाठी दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिनने आजोबांच्या पायांवर सूज आली. ती हृदयाची वा मूत्रपिंडाची समजून लघवी वाढविणारी गोळी सुरू झाली. तिच्यामुळे उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ लागली. भोवळीसाठी दिलेल्या सिनारिझिनने हातांना कंप व अंगाला ताठरपणा आला. आणि अखेरीस कंपवाताचे औषध यादीत दाखल झाले. पहिल्या गोळीची मात्रा कमी केली असती किंवा ती बदलली असती, तर पुढच्या तिन्ही गोळ्यांची गरज भासली नसती.

आपल्याकडे या यादीत आणखी भर पडते ती परस्पर घेतलेल्या औषधांची. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफेनॅक हे रामिप्रिल आणि लघवीची गोळी चालू असलेल्या वृद्धाच्या मूत्रपिंडाला एकाएकी निकामी करू शकते. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबते आणि बुद्धिभ्रमही होतो. फार काळ घेतलेला ज्येष्ठमधाचा काढा पोटॅशियम घटवून रक्तदाब चढवितो.

या संकटावर शास्त्राने उपाय सुचविलेले आहेत. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना सहसा देऊ नयेत अशा औषधांची यादी सिद्ध केली. तिची अद्ययावत आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. आयर्लंडमधील कॉर्क येथील वैद्यांनी २००८ मध्ये ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ हे निकष प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरा, जे औषध अवश्य असूनही दिले गेलेले नाही, त्याचेही स्मरण करून देतो. औषधे कमी करणे हे साध्य नसून योग्य औषधे योग्य मात्रेत राहणे हे साध्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये औषधजन्य हानी रोखण्याची मोहीम हाती घेताना बहुऔषधतेला अग्रक्रम दिला.

तथापि याद्यांनी काम भागत नाही. सर्व औषधे एकत्र पाहणारा एक डॉक्टर लागतो, आणि तो कुटुंबाचा डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारीच असू शकतो. घरातील सर्व गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काढे व चूर्णे पिशवीत घालून वर्षातून निदान एकदा, तसेच रुग्णालयातून घरी परतल्यावर प्रत्येक वेळी, त्याच्यासमोर मांडावीत; त्याने प्रत्येक औषध कोणत्या विकारासाठी चालू आहे, तो विकार अद्याप आहे काय, लाभ कोणता आणि मात्रा वयास साजेशी आहे काय, हे विचारावे; रक्तदाब बसवून आणि उभे करूनही मोजावा. थांबवायचे ते एका वेळी एकच थांबवावे. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइडे आणि मेटोप्रोलोलसारखी हृदयाची औषधे क्रमाक्रमानेच उतरवावी लागतात. सबब रुग्णाने आपल्या मनाने काहीही बंद करू नये.

औषध सुरू करण्याइतकेच ते थांबविणे हेही वैद्यकीय कर्तव्य आहे, आणि त्यासाठी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही स्वतंत्र वेळ राखून ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. थांबविलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, तारीख आणि कारण रुग्णाच्या कागदावर स्वच्छ अक्षरांत नोंदलेले असावे. अन्यथा पुढचा तज्ज्ञ तेच औषध सद्हेतूने पुन्हा सुरू करील.