शालेय नोंदींची दुसरी प्रत : डिस्कची मांडणी व तिचे कुलूप



जनरल रजिस्टरातील एका ओळीवर मुलाचे पुढील सारे दाखले अवलंबून असतात, हे आपणांस सांगावयास नको. त्या रजिस्टराची छायाचित्रे, निकालपत्रके व पोषण आहाराचे हिशेब आता पुष्कळ शाळांत संगणकावर असतात; आणि त्यांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेण्याचा प्रघात पडत आहे. प्रघात स्तुत्य होय. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा एकाच जागी ठेवलेल्या दप्तराची काय गत होते ते आपल्या जिल्ह्याने पाहिले. देवरूखकडील वाड्यांवर पुरापेक्षा विजेचा लपंडाव अधिक नडतो, इतकेच. परंतु घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडेल की नाही, हे डिस्कची मांडणी, तिला घातलेले कुलूप आणि प्रत घेणारा प्रोग्राम यांच्या मेळावर ठरते. हा मेळ पाहिल्याविना घेतलेली प्रत प्रसंगी निरुपयोगी ठरते.

मांडणीस संगणकाच्या परिभाषेत फॉरमॅट म्हणतात. डिस्क ही कोरी वही मानली, तर फॉरमॅट म्हणजे तिच्यावरील रेघा होत. गणितास चौकटीची वही व अक्षरास दुरेघी, तद्वत हेही आहे. लहान पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी-३२ पद्धतीचे असतात. या पद्धतीत जागा कितीही मोकळी असली, तरी कोणतीही एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. स्नेहसंमेलनाचे मोठे चित्रीकरण तेथेच अडते. एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. मात्र विंडोजच्या स्वतःच्या साधनाने संपूर्ण यंत्राची प्रतिमा घ्यावयाची, तर डिस्क एनटीएफएस पद्धतीचीच लागते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीची डिस्क विंडोजला एरवी वाचता येत नाही. अशी अपरिचित डिस्क जोडली की 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे' अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. डिस्क बिघडली असा तिचा अर्थ नव्हे. त्या यंत्रास तिची भाषा येत नाही, एवढेच. येथे होकार देऊ नये. दिल्यास प्रत गेलीच असे समजावे.

आता कुलपाचा विचार. डिस्कवरील मजकूर सांकेतिक करून ठेवण्याची बिटलॉकर ही सोय विंडोजमध्ये २००७ पासून आहे. पूर्वी पुष्कळ यंत्रांवर ती आपण होऊन चालू करावी लागे. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मात्र, नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा आपोआप लागते, आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. खाते कोणाचे? पुष्कळदा एखाद्या शिक्षकाचे खासगी. त्या शिक्षकाची बदली झाली, पुढे पावसाळ्यात विजेने मदरबोर्ड जळाला व तो बदलला, की यंत्र ४८ अंक मागते आणि ते शाळेत कोणापाशीच नसतात. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत घंटा व वजनकाटा यांची नोंद असते. या किल्लीची क्वचितच. ती कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. त्याच संगणकात साठवून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे.

कुलूपबंद डिस्कची प्रत दोन प्रकारे निघते. विंडोज चालू असताना कुलूप उघडलेले असते. प्रोग्रामला सरळ मजकूर दिसतो आणि प्रतही सरळच निघते. अर्थात मूळ डिस्क कुलूपबंद असली, तरी प्रत उघडी राहते; मुलांचे आधार क्रमांक ती डिस्क सापडणाऱ्या कोणाच्याही हाती पडू शकतात. दुसरा प्रकार, विंडोज सुरू न करता क्लोनझिलासारखा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालविण्याचा. त्यास कुलपाआडचे काही कळत नाही. भरलेली जागा कोणती व मोकळी कोणती हे न उमगल्याने ५०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबीच मजकूर असला, तरी तो सारी डिस्क उतरवून घेतो. त्यातून एखादी फाइल सुटी काढता येत नाही आणि प्रत परत चढविल्यावरही मूळ किल्ली लागतेच.

शाळेच्या कामास माझ्या मते पहिला प्रकार पुरेसा आहे. बाहेरची डिस्क एनटीएफएस पद्धतीची करावी व तिला स्वतंत्र कुलूप घालावे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरच्या डिस्कचे बिटलॉकर उघडता येते, घालता येत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. ज्या शाळेत विंडोज व लिनक्स दोन्ही आहेत, तिने दोहोंवर चालणारे वेराक्रिप्ट वापरणे सोयीचे.

प्रत्येक सत्राच्या अखेरीस ती डिस्क शेजारच्या शाळेतील यंत्रास जोडावी, कागदावरील किल्लीने उघडावी व एक जुने निकालपत्रक वाचून पाहावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. चाचणीचा दिनांक डिस्कवरच चिकटपट्टीवर लिहिला, तर बदलीने येणाऱ्या शिक्षकास विचारत बसावे लागणार नाही.