सड्यावरचे गवत आणि खाणीनंतरची हिरवळ

चिपळूणहून गुहागरच्या दिशेने निघाले म्हणजे जांभ्याचे सपाट सडे लागतात, आणि त्या सड्यांच्या अंगात खोल कोरलेल्या, उभ्या भिंतींच्या चौकोनी चिरेखाणीही दृष्टीस पडतात. चिरा काढून संपला की त्या जागी पुन्हा वनस्पती उभ्या राहाव्यात, याविषयी सहसा दुमत होत नाही. परंतु त्या कोणत्या असाव्यात आणि त्या खरोखर रुजल्या हे कशावरून ठरवावे, यासंबंधी काही समज इतके दृढ झाले आहेत की सद्हेतूने केलेले कामही त्यांच्यापायी वाया जाते.

सर्वांत घातक समज, सडा मुळातच उजाड, तेव्हा तेथे गमावण्यासारखे काही नाही, हा होय. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा पोटखराबा असा शेरा असतो, आणि महसुली दप्तराने केवळ लागवडीपुरता दिलेला हा शेरा आपण त्या भूमीच्या एकंदर योग्यतेवरचा निकाल मानून बसलो आहोत. वस्तुतः सप्टेंबरात एक मीटर लांबीरुंदीची चौकट कातळावर ठेवून, गुडघे टेकून, तिच्या आत जे दिसेल ते मोजावे: बोटभरही माती नसलेल्या खळग्यांत पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद, सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले, पिवळा कवला, पानांवरच्या चिकट केसांनी चिलटे धरणारी दवबिंदू, आणि या सर्वांमधून वर आलेली बारीक पात्यांची गवते. दवबिंदू पानांनी आणि सीतेची आसवे जमिनीतल्या सूक्ष्म पिशव्यांनी कीटक पकडतात, याचे कारण या मातीत नत्र अत्यल्प असतो. ज्यांचा संसारच अशा दारिद्र्यावर उभा आहे, त्यांच्या जागी भरघोस खत घातले तर ते रानमोडीला आणि घाणेरीलाच मानवते. बाहेरून आणलेल्या भरावाच्या मातीतूनही हीच तणे येतात.

दुसरा समज, झाडे लावली की जमीन पूर्ववत झाली. कोकणात आणि गोव्याच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन आकेशिया मोठ्या प्रमाणावर लावला गेला. तो लवकर वाढतो, माती धरतो, सरपणही देतो, हे त्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची दाट सावली आणि सावकाश कुजणाऱ्या पाल्याचा थर यांच्याखाली सड्यावरची ऊनप्रिय गवते उगवू शकत नाहीत. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर ‘नीरी’ या संस्थेने सेंद्रिय टाकाऊ पदार्थ, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांच्या साहाय्याने झाडे वाढवून दाखवली, आणि ते काम मोलाचे आहे. मात्र तो मुलूख मुळात वृक्षांचा, आपला सडा गवताचा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात, खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, अशी अट घालण्यास सांगितले, त्यात गवताचा स्पष्ट निर्देश आहे हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाऊस पडला की गवत आपोआप येईल, असेही म्हटले जाते. चिपळुणात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तोच पाऊस खाणीच्या गुळगुळीत तळावरून बी आणि मातीचा कणन् कण वाहून नेतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीच्या पात्रातून गाळ उपसण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, त्या तालुक्यात तरी माती जागेवर राखण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. म्हणून चिरा कापण्यापूर्वी वरची माती खरवडून वेगळी, उथळ ढिगांत ठेवावी, आणि ती फार काळ पडू देऊ नये, कारण तिच्यातच सड्याचे बी आणि मुळांची बुरशी जिवंत असते. उतारावर फुटक्या चिऱ्यांचे बुटके गडगे घालून त्यांच्यामागे ती पसरावी. कमी पडणारे बी शेजारच्या सड्यावरून, पावसाळा सरता सरता गवत पिकल्यावर, कापणीपूर्वी गोळा करावे आणि पुढच्या मृगाच्या सुमारास पेरावे.

राहिली देखरेख. पहिल्या पावसाळ्यानंतर जगलेल्या रोपांची टक्केवारी दप्तरी लागली की प्रकरण मिटते, ही सर्रास वहिवाट आहे. उपग्रहाच्या चित्रातली हिरवाई हाही येथे विश्वासू साक्षीदार नव्हे: निरोगी सडा मे महिन्यात तपकिरीच असतो, आणि बारमाही हिरवा दिसणारा तुकडा बहुधा आकेशियाचा किंवा तणांचा असतो. खाणीत आणि जवळच्या अस्पर्श सड्यावर कायमच्या चौकटी आखून, दर वर्षी त्याच पंधरवड्यात जाती, त्यांचे आच्छादन आणि मातीची जाडी नोंदवावी. दोन्हींकडचे आकडे वर्षानुवर्षे ताडून पाहिल्याशिवाय निर्वाळा देऊ नये. परवान्याची अनामत परत करण्याची तजवीजही या नोंदवहीवरच ठरावी, आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावी, जेणेकरून त्या सड्यावर गुरे चारणाऱ्या माणसालाही ती मागून पाहता येईल.