बिडाच्या मागावरचा जाम नट

भिवंडीत काल एक जण जुन्या यंत्रमागाचा गंजलेला नट सोडवायला थेट घण घेऊन बसला होता. थांबवलं त्याला. मागाचा सांगाडा बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं.

तारेच्या ब्रशने गंज झाडा, आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. घाई इथेच नडते.

मग नेमका बसणारा पाना. ढिल्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. आधी किंचित आवळा, ‘कट्’ वाजलं की गंजाची पकड सुटली. थोडं सोडा, थोडं आवळा, मधे तेल.

तरी हलेना, तर तेल पुसून फक्त नट तापवा, बीड नाही. तापल्या नटाला मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांत ओढलं जातं. तापवण्याआधी भोवतालचा कापसाचा भुगा साफ हवाच, तो क्षणात पेटतो.

तुमचं काय अडकलंय? फोटो टाका, सांगतो.