उपवास सुटतो, हे सुटत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे घाईत गेलं ते इथे थोडं सावकाश सांगते.

या भागाला निमित्त झालं दौंड तालुक्यातल्या एका ताईंच्या व्हॉइस मेसेजचं. त्यांची मुलगी 19 वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करतेय. दौंडला एसआरपीएफ आहे, त्यामुळे तिथल्या पोरींना वर्दी लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसते. ताई म्हणाल्या, "पोरगी चार महिन्यांत निम्मी झाली. सगळे म्हणतात, काय फिट झालीय! पण तिला पाळी येत नाहीये. आम्ही जेवायला बसलो की ही उठून जाते. सगळ्यांना वाढते, स्वतः नाही खात. मैत्रिणी म्हणतात प्रॅक्टिसमुळे होतं. खरंय का?"

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच फसवतं.

शरीराला धावायला जेवढी ताकद लागते तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर काटकसर सुरू करतं. घरात पैसा कमी पडला की आपण आधी नवे कपडे बंद करतो, तसं. पहिली बंद होते पाळी. मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, पायाच्या नळीला बारीक तडा जातो आणि आपण म्हणतो "पाय भरून आलाय". हात गार, केस गळणं, उठल्यावर चक्कर, नाडी मंद. नाडी मंद म्हणजे खेळाडूचं हृदय, असं समजून कौतुकही होतं! आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला वेगळं नाव दिलं, रेड-एस. सरळ मराठीत, खेळणाऱ्या शरीराची उपासमार. म्हणजे प्रॅक्टिसमुळे पाळी जात नाही. प्रॅक्टिसला पुरेसं खाल्लं नाही म्हणून जाते.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त अवघड. ती का खात नाहीये?

काही मुली नकळत कमी खातात. सकाळी मैदान, मग कॉलेज, मधे एक वडापाव. त्यांना समजावून सांगितलं, डबा दिला, की गाडी रुळावर येते. पण काहींच्या बाबतीत खाण्याचीच भीती बसलेली असते. ताटात भाकरी दिसली की पोटात गोळा येतो. याला ॲनोरेक्सिया म्हणतात. कुणी भरपूर खाऊन मग ओकारी काढते, तो बुलिमिया. तिसऱ्या प्रकारात ताबा सुटल्यासारखं खाल्लं जातं आणि नंतर नुसती शरम उरते. या शेवटच्या दोन्हींत मुलगी बारीक असेलच असं नाही, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

आपल्याकडे हे लपायला जागाही भरपूर. माझं माहेर शिरूरचं. आमच्याकडे न जेवणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. सोमवार आहे, चतुर्थी आहे (रांजणगावचा महागणपती जवळच), नवरात्रात कुणी नऊ दिवस करतं, कुणी उठता-बसता. शिवाय बायका शेवटी जेवणार, त्यामुळे तिने खाल्लं की नाही हे बघायला पंगतीत उरतंच कोण? मी उपवासाच्या विरोधात अजिबात नाही, मला साबुदाण्याची खिचडी फार आवडते. पण उपवास सुटतो. त्याला ठरलेला दिवस असतो, पारणं असतं, आणि त्या दिवशी माणूस आनंदाने जेवतं. हा आजार सुटण्याचा दिवस पुढे पुढे ढकलत राहतो. सोडायच्या दिवशी मुलगी चिडत असेल, कारणं शोधत असेल, तर तो उपवास देवासाठी राहिलेला नाही.

"हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ," असं म्हणणाऱ्यांसाठी फिजी बेटांची गोष्ट. तिथे भरलेलं अंग हे कौतुकाचं, आपल्या "खात्यापित्या घरची" सारखं. तिथल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधक बाईंनी शाळेतल्या मुलींना विचारलं, तेव्हा वजनासाठी ओकारी काढते असं सांगणारी एकही निघाली नाही. तीन वर्षांनी, 1998 मध्ये, ते प्रमाण 11.3 टक्के होतं. आणि मुलींच्या बोलण्यात नुसतं सुंदर दिसणं नव्हतं. टीव्हीतल्या बायकांसारखं झालं तर नोकरी मिळेल, पुढे जाता येईल, असंही होतं. आपल्या पोरींच्या हातात तर टीव्हीपेक्षा जवळचा मोबाईल आहे, वर "मुलगी जरा अंगाने आहे" म्हणणारं स्थळ आहे, आणि लग्नात भेटताक्षणी "सुटलीस गं!" म्हणणारी मावशी आहे. माझ्या तर तीन आहेत.

"स्वतः खात नाही पण सगळ्यांना वाढते" हे ताईंना विचित्र वाटलं. भुकेल्या मेंदूचं ते नेहमीचं वागणं आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे शिकण्यासाठी. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, जेवण रेंगाळत बराच वेळ लांबवायचे, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना बारीक व्हायची हौस नव्हती. ते भुकेने झालं. म्हणून "नाटकं करतेय", "हट्टी झालीय" असं म्हणू नका.

डॉक्टरांकडेही हे निसटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 20.8 टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक आणि 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. म्हणजे दवाखान्यात बारीक, फिकट पोरगी दिसली तर त्यात नवल काय? लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळ्या हव्यातच, पण "तू जेवतेस का, आणि जेवताना मनात काय येतं?" हे विचारायचं राहून जातं. म्हणून ते तुम्ही सांगा: किती महिने पाळी नाही, वजन किती दिवसांत किती उतरलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते का. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम बघायची विनंती करा, कारण ओकारीने ते उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं तर त्याच दिवशी न्या.

आणि घाबरून एकदम तूप-लाडूंचा मारा करू नका! फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार घसरतात, जीवावरही बेततं. किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टर ठरवतील.

घरात बोलायचं ते वजनावर नको. "तू हल्ली दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते, मी तुझ्याबरोबर बसते" एवढं पुरतं. पहिल्यांदा ती उठून जाईल. दुसऱ्या दिवशी परत बसा. मानसोपचार लागतातच, त्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे: 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलीने स्वतः केला तरी चालतो, आईने केला तरी.

ताईंनी शेवटी घाबरत विचारलं होतं, "मग भरतीचं काय?" ताई, महिलांच्या मैदानी परीक्षेत 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. त्यात बारीक असण्याला एकही गुण नाही, आणि चार किलोचा गोळा उपाशी हाताने लांब जात नाही. सध्या धावणं थांबवा, तपासणी करा, पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. तिला हे सांगताना "भरती सोड" असं मात्र म्हणू नका.