सरासरीचा हिशेब, दुरून

आरएफ पॉवर सेन्सर म्हणजे रेडिओ लहरींची शक्ती मोजणारे छोटे उपकरण. आतला डायोड लहरीचे रूपांतर सूक्ष्म विद्युतदाबात करतो आणि त्यावरून वॉट किंवा डीबीएममध्ये आकडा मिळतो. सिग्नल क्षीण असला की शेवटचे आकडे सतत नाचतात. त्यावर उपाय एकच, पुष्कळ मोजमापे घेऊन सरासरी काढणे.

पळसदरीला मुख्य रेल्वेमार्गापासून खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि पुढे बोरघाटाची चढण लागते. अशा डोंगराळ भागात मोबाइल टॉवर बहुधा उंचावर असतात. प्रत्येक मोजणीसाठी तिथे माणूस पाठवण्यापेक्षा सेन्सर जागेवर ठेवून नेटवर्कवरून आज्ञा देणे सोयीचे पडते. २० वॉटचे प्रक्षेपण थेट सेन्सरला जोडले तर सेन्सर जळेल; म्हणून मध्ये डायरेक्शनल कपलर लागतो. ३० डीबीच्या कपलरमागे उरतात २० मिलिवॉट, आणि ही ३० डीबीची घट सेन्सरला ऑफसेट म्हणून कळवावी लागते.

आज्ञांची भाषा एससीपीआय. ती १९९० मध्ये ठरली, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत आज्ञांची ठेवण सारखीच दिसते, तपशील मात्र ज्याचा त्याचा. क्रम साधारण असा: '*आरएसटी'ने सेन्सर मूळ स्थितीत आणायचा, 'सेन्स:फंक्शन'ने सरासरी शक्तीचे मोजमाप निवडायचे, 'सेन्स:फ्रिक्वेन्सी'ने वारंवारता सांगायची. ही शेवटची आज्ञा विसरली तर दुरुस्तीचे गुणक चुकीचे लागतात आणि आकडा दिसायला अगदी ठीक असतो, हे जास्त वाईट.

मग येते ॲपर्चर, म्हणजे एका मोजमापाची खिडकी. २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ४जीमध्ये टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात; त्यांची चौकट १० मिलिसेकंदांची. खिडकी ७ मिलिसेकंदांची ठेवली तर कधी टॉवरचे बोलणे जास्त सापडते, कधी कमी, आणि आकडा उगाच डोलतो. १० किंवा २० ठेवली की पूर्ण चौकटी आत येतात.

'सेन्स:ॲव्हरेज:काउंट ३२' म्हणजे ३२ मोजमापांची सरासरी. गोंगाट संख्येच्या वर्गमुळाने घटतो: १६ मोजमापांनी तो चौथ्या हिश्श्यावर येतो, आणखी निम्मा करायला ६४ लागतात. काही सेन्सरांत प्रत्येक मोजमापाला दोन खिडक्या लागतात. तिथे १० मिलिसेकंद आणि ३२ यांचा हिशेब सुमारे ०.६४ सेकंद होतो. 'काउंट:ऑटो' चालू असेल तर संख्या सेन्सरच ठरवतो आणि क्षीण सिग्नलवर बराच वेळ खातो. ठराविक वेळेत उत्तर हवे असेल तर ती बंद ठेवलेलीच बरी.

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीलाही हाच वर्गमुळाचा नियम लागू आहे. तिथे ४०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात एक सेकंद सरासरी घेतली, तर मोजलेल्या शक्तीत तिच्या सुमारे २०,०००व्या हिश्श्याएवढाच चढउतार उरतो.

सरासरी वॉटमध्येच काढायची. एक मोजमाप १ मिलिवॉट (० डीबीएम) आणि दुसरे ०.०१ मिलिवॉट (-२० डीबीएम) असेल, तर खरी सरासरी ०.५०५ मिलिवॉट, म्हणजे जवळपास -३ डीबीएम. डीबीएमचे आकडेच बेरजेला घेतले तर -१० येतात: सात डीबीचा घोटाळा. सेन्सर आतला हिशेब बरोबर करतो. चूक होते ती त्याने पाठवलेले डीबीएम पुढे तक्त्यात सरासरीला घातले की.

'सेन्स:ॲव्हरेज:टीकंट्रोल'ला दोन पर्याय आहेत. 'मूव्हिंग'मध्ये नवे मोजमाप आले की सर्वांत जुने गळते आणि उत्तर लगेच मिळत राहते. ट्रान्समीटरची शक्ती कमीजास्त करत असताना ते सोयीचे. 'रिपीट'मध्ये पूर्ण संख्या भरेपर्यंत उत्तर मिळत नाही, म्हणून नोंदी ठेवायला हाच योग्य. मोजणी 'इनिट'ने सुरू होते आणि 'फेच?'ने निकाल मागवला जातो. संगणकाच्या प्रोग्रॅममधील थांबण्याची मुदत मोजणीच्या वेळेपेक्षा मोठी ठेवावी लागते. नाहीतर सरासरी पुरी होण्याआधीच प्रोग्रॅम टाइमआउट दाखवतो आणि धडधाकट सेन्सर बिघडल्याची तक्रार होते.